गुरांतला हिस्सा

ह्यांनी आफ्रिकेतल्या एका रँचमध्ये हिस्सा घेतला, हे मला घेऊन झाल्यावर कळलं. आधी विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे ह्यांना ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नसावं.

मी तेव्हा महाडला प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहत होते. हे झांबियात सरकारी नोकरीवर गुरांचे डॉक्टर. मूलबाळ नव्हतं. सासरे पोलादपूरच्या पुढे कापड्याला, आमच्या वाडीतल्या घरात. दर रविवारी मी एसटीने त्यांच्याकडे जायची. दोन वर्षांनी हे पहिल्यांदा रजेवर आले, तेव्हा बॅगेतून कपड्यांच्या आधी फोटो निघाले. फोटोत नजर पोचेल तिथवर गवत होतं आणि गवतात ठिपके. ठिपके म्हणजे गुरं.

"ह्यातलं आपलं काय?" मी विचारलं.

"सगळ्यातच थोडं थोडं," हे म्हणाले.

ह्यांचा चेहरा असा फुललेला मी लग्नानंतर पाहिला नव्हता. त्यामुळे त्या रात्री मी भांडले नाही.

हे तिकडे का गेले ते सांगायला हवं. मुंबईला शिकून हे गुरांचे डॉक्टर झाले आणि पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात लागले. तालुक्यात आपल्यातला माणूस शिकून आला म्हणून वाडीला कोण आनंद झाला होता. गावांनाही झाला, कारण आधीचे डॉक्टर डोंगरातल्या गावांत जायलाच तयार नसत. हे जात. अडलेली गाय असली की खांद्यापर्यंत हात घालून वासरू सोडवत. मग घरची बाई तांब्या आणायची आणि लांबून, उंचावरून ह्यांच्या हातांवर पाणी सोडायची. चहा यायचा तो वळचणीला खोचून ठेवलेल्या कपातून. हे हसत हसत सांगायचे, "गाईला माझा विटाळ होत नाही, तिच्या मालकाला होतो." मला हसू यायचं नाही. ह्यांनाही येत नसावं, पण तसं कबूल करण्याचा ह्यांचा स्वभाव नव्हता.

ह्यांचं हसू थांबलं ते जागेच्या वेळी. महाडला लहानसं घर बांधायचं आम्ही ठरवलं होतं. एक निवृत्त कारकून आपल्या घरामागची जागा विकत होते. बोलणं झालं, इसार दिला, त्यांनी आम्हाला ओटीवर बसवून पोहे दिले. आडनावावरून त्यांना काही कळलं नव्हतं. आठवड्याच्या आत ते स्वतः आमच्या खोलीवर आले, आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहून इसाराचं पाकीट परत केलं. म्हणाले, "माझं काही नाही हो डॉक्टर, मी असलं मानत नाही. पण शेजारचे लोक..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं. हे म्हणाले, "ठीक आहे." पाकीट घेतलं, त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आले, आणि जेवायला बसले. जेवताना म्हणाले, "ह्या गावात मला पाय टेकायला जागा मिळणार नाही. मी जिथे मिळेल तिथे जाईन."

मग परदेशातल्या सरकारला डॉक्टर हवेत अशी जाहिरात आली आणि हे गेले. इथल्या नोकरीवर रजा टाकून गेले. मला चल म्हणाले होते. पण माझी नोकरी कायम झालेली, सासरे एकटे. मी राहिले.

तिकडे पगार चांगला होता, पण त्यातला थोडाच भाग बाहेर पाठवता यायचा. बाकीचा तिथेच अडकून राहायचा. अशात ह्यांना एक म्हातारा गोरा शेतकरी भेटला. देश स्वतंत्र झाल्यापासून गोरे एकेक करून निघून चालले होते. हा राहिला होता. त्याच्या रँचवर हे गुरं तपासायला जायचे. त्याला भागीदार हवे होते. एक भागीदार रेल्वेच्या गावातला गुजराती दुकानदार झाला, दुसरे हे. हे पैसे घालणार आणि गुरांची देखभालही करणार. फुकटचा डॉक्टर घरात आला, असं मी म्हटलं तेव्हा हे रागावले. "मालक आहे मी तिथला," म्हणाले.

रजेतच आम्ही कापड्याला गेलो. सासऱ्यांना मी आबा म्हणायची. जन्मभर त्यांनी महाबळेश्वरच्या रस्त्यावर बांधकाम खात्याच्या टोळीत खडी फोडली, डांबर ओतलं. तरुणपणी आमच्या वाडीने मेलेली गुरं ओढायचं सोडलं, तेव्हा ते त्यात पुढे होते. गावाने त्याबद्दल वाडीचं पाणी तोडलं, सरपण तोडलं, मजुरीला बोलावणं बंद केलं. एक अख्खा पावसाळा लोकांनी कंद उकडून काढला. आबा हे कधी फुशारकीने सांगत नसत. सांगायचे तेव्हा फक्त एवढंच, की ते कंद फार कडू होते.

ह्यांनी फोटो त्यांच्या हातात दिले. आबा ते उजेडाला धरून बराच वेळ बघत बसले.

"जमीन किती हाय?"

"नजर जाईल तिथवर, आबा. इथून आंबेनळीचा घाट दिसतो ना, त्याच्याही पलीकडे."

"आणि ती तुजी?"

"आपली. भागीदारीत."

आबांनी पुन्हा फोटो पाहिले. "ढोरं लय दिसतात."

"शेकड्यांनी आहेत."

"तिथली मेलेली ढोरं कोन वडतो रे?"

हे मोठ्याने हसले. "ट्रॅक्टर ओढतो, आबा. तिथे सगळं यंत्रावर."

आबा हसले नाहीत. फोटो माझ्याकडे देऊन ते बाहेर अंगणात जाऊन बसले. मला वाटलं ते खूश नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वाडीतले चार लोक घरी आले, तेव्हा त्यांना आबांनीच सांगितलं, "आपल्या पोराची आफ्रिकेत जमीन हाय. हितल्या पाटलाचीबी नसंल तितकी." त्यांचा आवाज मी ऐकला आणि मग माझ्या तोंडून उरलासुरला विरोधही निघाला नाही.

ह्यांची पत्रं येत राहिली, ये म्हणून. पुढच्या वर्षी मी बिनपगारी रजा काढली, आबांना सासरहून बोलावलेल्या नणंदेच्या हवाली केलं आणि गेले.

रेल्वेच्या गावापासून रँच ट्रकने अर्ध्या दिवसावर. रस्ता असा नव्हताच, चाकोऱ्या होत्या. माती आपल्या जांभ्यासारखी लाल, पण डोंगर कुठेच नाही. मी सावित्रीकाठच्या तुडीलची. जन्मभर कुठल्या ना कुठल्या डोंगराच्या आडोशाने राहिलेली. तिथे चहूकडे एवढं मोकळं होतं की पहिले काही दिवस मला घराबाहेर पडलं की गरगरायचं. म्हाताऱ्याचं घर टेकाडावर होतं, विटांचं, रुंद व्हरांड्याचं. आमचं खाली, पत्र्याचं. त्यात आधी मुकादम राहायचा.

"भागीदार ना तुम्ही?" मी विचारलं.

"मला गुरांच्या जवळ राहायला हवं, आणि सरकारी फिरतीही ह्याच भागात आहे," हे म्हणाले.

म्हातारा वाईट नव्हता. ह्यांना डॉक्टर म्हणायचा, मला पाहिलं की टोपी उचलायचा. पण ह्यांच्याशी बोलायचा तो व्हरांड्याच्या पायरीवर येऊन. हे खाली उभे. मी तिथे असेपर्यंत एकदाही त्याने वर या म्हटलं नाही, शेवटची भेट सोडली तर.

दुकानदाराच्या घरी मात्र आमचं जोरात स्वागत झालं. त्याची बायको मुंबईला वाढलेली, मराठी छान बोलणारी. मला पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वयंपाकघरात पाट मांडून तिने आम्हाला जेवायला घातलं, आणि वाढता वाढता चौकशी सुरू केली. आडनावावरून तिला कळेना म्हणून तिने गाव विचारलं. गावावरून कळेना म्हणून शेवटी विचारलं, "तुमच्यात लग्नं कोण लावतं?"

"आम्ही बौद्ध आहोत," मी सांगितलं.

"अच्छा, अच्छा," ती म्हणाली आणि माझ्या पानात आग्रहाने लोणचं वाढलं.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा स्वयंपाकघरात पाहुणे आहेत असं कळलं. जेवण दुकानामागच्या खोलीत आलं, कांद्याच्या पोत्यांमध्ये. ताटं इनॅमलची होती, दुकानातले हमाल जेवायचे तसली. त्यानंतर प्रत्येक खेपेला स्वयंपाकघरात पाहुणे होते.

परतताना ट्रकमध्ये मी ह्यांना म्हटलं, "समुद्र ओलांडून आलो तरी तेच."

"तुझं लक्षच तिकडे," हे म्हणाले.

"तुमचं नव्हतं?"

ह्यांनी दिवे लावले. घर येईपर्यंत समोर बघत ट्रक चालवत राहिले.

तिथे पावसाळा आपल्या हिवाळ्यात येतो. पावसाबरोबर गवत वाढतं आणि गवताबरोबर गोचीड. त्यावर उपाय म्हणजे एक लांब, खोल हौद. त्यात औषध कालवायचं आणि दर आठवड्याला प्रत्येक जनावर त्यातून पोहत पलीकडे काढायचं. त्या वर्षी देशात परकीय चलनाची ओढाताण होती आणि औषध येईना. हे दोन्ही भागीदारांकडे गेले. सीमेपलीकडून जास्त भावाने आणायला हवं, नाहीतर वासरं मरतील, असं सांगून आले. दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. म्हातारा म्हणाला, माझा जन्म इथे गेला, असले पावसाळे खूप पाहिलेत. ह्यांचा हिस्सा सगळ्यांत लहान होता. ह्यांच्या शब्दाचं वजनही तेवढंच.

आधी वासरांच्या कानाखाली गाठी आल्या. मग ताप, मग नाकातून फेस. एकदा फेस आला की काही उपाय नसायचा. हे रात्रंदिवस गोठणीत. हातात सुई, आणि सुईत घालायला काही नाही. रँचवरच्या मजुरांची स्वतःची गुरं त्यांच्या गावांत मरायला लागली, तसे ते एकेक करून निघून गेले. त्यांना कोण कुठल्या तोंडाने थांबवणार? म्हातारा दक्षिणेला मुलीकडे गेला होता, तो परत येईना. दुकानदार फिरकला नाही.

ट्रॅक्टर होता तोवर हे मेलेली गुरं साखळीने ओढून खड्ड्याकडे नेत होते. डिझेल संपलं. तेव्हा वाचलेल्या बैलांतली एक जोडी जुंपली. बैल पुढे धरायला माणूस लागतो. माणूस मीच होते. हे मेलेल्या गाईच्या मागच्या पायांना दोर बांधायचे आणि मी बैल हाकायची. बैलांना मेलेल्या गुराचा वास कळतो, ते बुजायचे. वासरांना बैल लागत नव्हते. ती आम्ही दोघं दोर खांद्यावर घेऊन ओढायचो. पावसाने माती निसरडी झालेली. दोराचे वळ उठायचे, आणि अंगाला जो वास लागायचा तो कितीही घासलं तरी जायचा नाही. माझ्या माहेरच्या माणसांनीही हे काम सोडलं होतं. त्यासाठी मार खाल्ला होता. मी बी. ए. झाले होते. मी वर्गात मुलांना कविता शिकवायची.

एका दुपारी हे एका कालवडीजवळ बसले ते उठेनात. ती पुढच्या वर्षी व्यायला येणार म्हणून हे तिला जपत होते, सगळा भरवसा तिच्या पिढीवर होता. मी हाक मारली. मग जवळ जाऊन म्हटलं, "उठा. ऊन पडलंय तोवर हिला नेऊ."

"आबांना सांगू नकोस," हे म्हणाले.

पाऊस सरता सरता म्हातारा परत आला. त्याने निरोप धाडला आणि पहिल्यांदाच आम्हाला व्हरांड्यावर खुर्च्या दिल्या, चहा दिला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. उरलेली गुरं विकून टाकू म्हणाला, ज्याचं त्याला देऊ. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "आणि जमीन?"

तो ह्यांच्याकडे पाहायला लागला. मग हळू आवाजात मला म्हणाला, "जमीन माझ्या नावावर आहे, मॅडम. भागीदारी होती ती गुरांत."

मला वाटलं हे उठतील, ओरडतील, फसवलंस म्हणतील. हे खाली मान घालून चहा पीत होते.

टेकाड उतरताना मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"गुरं दुप्पट झाली की जमिनीतही हिस्सा देईन म्हणाला होता."

"मग आबांना जमीन म्हणून का सांगितलंत?"

"होणारच होती," हे म्हणाले. थोडं चालून गेल्यावर पुन्हा म्हणाले, "होणारच होती ती."

मला त्या वेळी ह्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. माझ्या खांद्यावरचे वळ अजून ओले होते. नजर पोचेल तिथवर ते गवत पसरलं होतं आणि त्यातली एक काडीही आमची नव्हती, कधीच नव्हती. जे आमचं होतं ते आम्ही खड्ड्यात लोटून आलो होतो.

माझी रजा संपली आणि मी एकटीच परतले. हे सरकारी नोकरीची मुदत संपेपर्यंत राहणार होते, हिस्स्यातलं काही सुटतंय का बघणार होते. आल्यावर पहिल्याच रविवारी मी कापड्याला गेले. नणंद पाण्याला गेली होती. आबा खाटेवर होते, बरेच खंगलेले.

"ढोरं कशी हायेत?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं. पोरगा कसा आहे, हे नंतर.

ह्यांनी सांगू नकोस म्हटलं होतं. पण मला त्या माणसाशी खोटं बोलवेना. "बरीचशी मेली, आबा. रोग आला."

मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "वडली कोनी?"

"आम्हीच. दुसरं कुणी नव्हतं."

आता ते काय म्हणतील ह्या धास्तीने मी पदर तोंडाला लावून बसले. आबा उठून बसले. "काय गो, दुसऱ्याची वडलीत का आपली?"

"आपली," मी म्हटलं.

"मंग काय नाय," आबा म्हणाले. "आपलं मेलं तर आपुनच पुरायचं. त्यात कसली लाज? आमी सोडलं ते दुसऱ्याचं." आणि जरा वेळाने, "जमीन ऱ्हायली ना? जमीन हाय तर ढोरं परत व्हतील."

मी हो म्हटलं.

आबा त्याच वर्षी इथल्या पावसाळ्यात गेले. तार गेली, पण हे येऊ शकले नाहीत. परवानगी, तिकीट, हिस्स्याचा निकाल, काहीतरी अडलं. माती द्यायला वाडी होती. पाटलापेक्षा मोठी जमीन असलेल्या पोराचा बाप म्हणून लोक आबांबद्दल बोलत होते, आणि मी बायकांत बसून ऐकत होते.

हे आले त्यानंतर वर्षभराने. हिस्सा सुटला, पण तो तिथल्या नोटांत, आणि त्या नोटा देशाबाहेर नेता येत नव्हत्या. तिथल्या बँकेत तशाच राहिल्या. नंतर त्यांची किंमत एवढी घसरली की चौकशी करण्यातही अर्थ उरला नाही. इथली सरकारी नोकरीही रजा उलटून गेल्यामुळे संपली होती. ह्यांनी अर्ज केले, पुण्याला खेपा घातल्या. मग एका कंपनीत लागले. कोंबड्यांची खुराडी हिंडून लस विकायची. गाईम्हशींना ह्यांनी पुन्हा हात लावला नाही. कुणी वाडीतून बोलवायला आलं तर माझी ती विद्या गेली म्हणून सांगायचे.

पण रँच ह्यांच्या बोलण्यातून गेला नाही. एसटी स्टँडवर, लग्नात, कंपनीच्या गाडीत, कुठेही विषय निघाला की हे सुरू. गवत किती उंच, चांदणं किती, कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला ट्रकला किती वेळ लागायचा. रोगाचा भाग त्यात नसायचा. इनॅमलच्या ताटांचाही नसायचा. मी सुरुवातीला उठून आत जायची. मग तेही सोडलं.

एकदा तालुक्यातल्या आमच्या समाजाच्या मंडळाने दहावी पास झालेल्या मुलामुलींचा सत्कार ठेवला, पोलादपूरला. पाहुणे म्हणून ह्यांना बोलावलं. अध्यक्षांनी ओळख करून दिली, आफ्रिकेत स्वतःची जमीन घेणारे आपल्यातले पहिले. हे बोलायला उभे राहिले आणि छान बोलले. मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मध्येच एका मुलीने हात वर केला. धिटुकली होती. म्हणाली, "सर, एवढी जमीन होती तर परत का आलात?"

ह्यांनी माईकची दांडी धरली, माझ्या दिशेला पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"वडील आजारी होते," हे म्हणाले. "शेवटी माणसाला आईबापांसाठी यावंच लागतं."

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईने माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

घरी जाताना महाडच्या गाडीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. ह्यांच्या गळ्यात अजून झेंडूचा हार होता. गाडी सुटल्यावर ह्यांनी विचारलं, "कसं झालं भाषण?"

"मागे नीट ऐकू येत नव्हतं," मी म्हटलं.